खालच्या शेताचं पान

तिसऱ्या आकड्याला पान विझलं.

अक्काने पुन्हा काडी ओढली. तंबाखूच्या दुसऱ्या पानाची कड पेटवली, ज्योत फुंकून घालवली आणि लाल ठिणगी आत सरकू लागली तशी मोठ्याने मोजायला लागली. एक. दोन. तीन. ठिणगी काळी पडली. धूर मात्र डोळ्यांत पाणी आणील इतका. अप्पा असताना याच शेडमध्ये, याच बाकावर पान बारा-पंधरापर्यंत जळत जायचं आणि मागे पांढरी राख राहायची. या घरात कुणी कधी विडी ओढली नव्हती, पण पान कसं जळतं यावरून रुसवेफुगवे, अबोले आणि एक ठरलेलं लग्न मोडण्यापर्यंत सगळं होऊन गेलं होतं. ते लग्न अक्काचंच होतं, पण आज तिला ते आठवायलाही सवड नव्हती.

तिने तिसऱ्या जुडीतलं पान ओढलं. लहान, पातळ, सोनेरी. चौदा मोजून झाले तेव्हा तिने स्वतःच ते चुरगाळून विझवलं. हे वरच्या शेताचं, दादाचं. आधीची दोन, सुपाएवढी रुंद आणि जाड शिरांची, खालच्या शेताची. म्हणजे सव्वाची.

सव्वा हा तिचा धाकटा भाऊ. एक चमचा साखर सांगितली की हा सव्वा घालायचा, म्हणून अप्पांनीच ठेवलेलं नाव. एकोणपन्नास वर्षांचा झाला तरी नाव काही सुटलं नाही आणि सवयही. दोन वर्षांपूर्वी अप्पा गेले, वरचं शेत दादाकडे आलं, खालचं सव्वाकडे, आणि तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे ते अक्काच्या मार्फत. सामाईक उरल्या होत्या दोनच गोष्टी: ही पान वाळवायची शेड आणि गठ्ठ्यांवर मारायची अप्पांची खूण. आठवड्यापूर्वी जेवताना दादाने ताटावरची नजर न उचलता सांगून टाकलं होतं की यंदाचा माल गेला की तेही वेगळं करायचं.

त्याच संध्याकाळी अक्काने ठरवलं. पान निवडणं, जुड्या बांधणं, गठ्ठे भरणं हे चाळीस वर्षं तिचं राज्य होतं, तिथे भावांनी पाऊल टाकायचं नाही. तिने हाताखालच्या दोघी बायकांना सांगितलं, की प्रत्येक गठ्ठ्यात वरच्या जुड्याही घाला आणि खालच्याही. आठवडाभरात बासष्ट गठ्ठे झाले. दाराच्या उजवीकडे दादाच्या नावाचे एकतीस, डावीकडे सव्वाच्या नावाचे एकतीस. मनात म्हणाली, आता काय वेगळं करायचं ते करा म्हणावं.

आणि आज सकाळी, कारखान्याच्या पारख्याला माल दाखवायच्या दिवशी, अप्पांचा नियम म्हणून घरच्या घरी पान पेटवून पाहिलं तर हे असं. खरं म्हणजे तिच्या बोटांना महिनाभर आधीच कळलं होतं. खालचं पान वाळवून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी सादळायचं, ओलसर लागायचं. हाताने सांगितलं होतं, मनाने ऐकलं नव्हतं. तिने विझलेली पानं बाकाखाली ढकलली, परत बाहेर काढली, पुन्हा ढकलली.

"आत्या, काय लपवतेस?"

दारात दादाची लेक उभी होती. हातात चहाचा कप.

*

मातीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यापासून सव्वा काका पुतणीला नळी म्हणायचा. नळीबाई, आज कुणाच्या मातीला ताप आला? ती चिडायची नाही. खरं तर बाबांपेक्षा तिचं काकाशीच जास्त जमायचं, आणि ही गोष्ट तिने बाबांपासून गेली दोन वर्षं नीट झाकून ठेवली होती.

आत्याने एकदाच मोजून दाखवलं. तिसऱ्या आकड्याला नळीने कप बाकावर ठेवला.

"काकाने पोटॅश कुठलं टाकलं?"

"मला काय ठाऊक? लाल खडे होते. गोण्या मीच मोकळ्या करून ठेवल्यात मागे."

नळी धावतच मागे गेली. रिकाम्या गोण्या घडी करून ठेवलेल्या. तिने वरची उलगडली आणि छापलेलं नाव वाचून तिथेच खाली बसली. म्युरेट, म्हणजे लाल पोटॅश. तंबाखूला पोटॅश लागतं, त्यावाचून पान नीट जळत नाही, हे खरं. पण ते सल्फेटचं, पांढरं. लाल पोटॅशमध्ये क्लोराइड असतं. दुसऱ्या बऱ्याच पिकांना ते चालतं. तंबाखूचं रोप मात्र ते हावरटासारखं ओढून घेतं, पान फुगतं, वजन भरतं, हवेतलं पाणी शोषत बसतं आणि जळायच्या वेळी विझतं.

भर हंगामात काकाचा फोन आला होता. पान पिवळट दिसतंय, काय टाकू? तिच्या टेबलावर तेव्हा चाळीस नमुने पडले होते आणि साहेब डोक्यावर उभा होता. "युरिया थांबव काका, पोटॅश टाक," एवढं म्हणून तिने फोन ठेवला होता. कुठलं, ते सांगितलंच नाही. बाबांना जे झोपेत ठाऊक असतं ते काकाला ठाऊक नसेल, हे तिच्या मनातच आलं नाही. आणि काकाने बाबांना विचारलं नव्हतं, कारण बाबांना विचारण्यापेक्षा त्याने जीभ चावून घेतली असती.

ती उठली, बसली, परत उठली. प्रयोगशाळेत लोक तिच्या सहीवर शेतं पेरत होते. आणि घरच्या माणसाला मी अर्धं वाक्य दिलं, ती स्वतःशी म्हणाली. तिला रडू आलं आणि रडण्याचाच राग आला.

*

"म्हणजे माझं पान खोटं?" सव्वाने विचारलं.

अकरा वाजले होते आणि सगळे शेडमध्ये जमले होते, असं दोन वर्षांत प्रथमच घडत होतं. नळीने सगळं सांगून टाकलं होतं, फोनसकट. अक्काने मिसळलेल्या जुड्यांचं सांगितलं तेव्हा दादांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"खोटं कशाला, पान सुरेख आहे," सव्वाची बायको म्हणाली. तिची जीभ धारेची, पण आज ती नवऱ्याच्या बाजूला उभी राहिली होती. "रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. जळत नाही एवढंच."

"तंबाखू जळत नाही एवढंच!" दादा म्हणाले. "घोडा उत्तम आहे, चालत नाही एवढंच. अक्का, त्याला विचार, शेंडा खुडल्यावर युरिया टाकला होता का नाही?"

"मी इथेच उभा आहे," सव्वा म्हणाला. "टाकला. दोनदा. पान वाढत होतं, मला वाटलं अजून वाढेल."

"वाटलं! म्हणून ते वेळेवर पिकलं नाही, हिरवंच तोडलंस, म्हणून जाड. त्यावर हे लाल खडे. अति तिथे माती."

"तू दरवर्षी पेंड घालतोस, चमच्याने मोजून पोटॅश घालतोस, हे मला दिसतं दादा. कुठलं आणि का, ते तू कधी सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

सव्वाने पाठ फिरवली. तो दाराकडे गेला, परत आला, डावीकडच्या गठ्ठ्यांवर हात ठेवून उभा राहिला. तीस वर्षं तो या घरात दादाच्या मागून चालला होता. या वर्षी पहिल्यांदा लोक त्याच्या बांधावर थांबले होते, आणि त्याला संध्याकाळी उगाच शेतात फिरायची सवय लागली होती. गठ्ठे सारखेच भरले तेव्हा त्याला आतून लागलं होतं. एवढं पीक आणि दादाइतकेच गठ्ठे कसे? आता कळलं कसे. एकाच सकाळी त्याला दोन गोष्टी कळल्या: त्याचं शेत खरंच भरघोस होतं, आणि काही कामाचं नव्हतं.

"काका, चूक माझी आहे," नळी म्हणाली.

"तुझी अर्धी. उरलेली सव्वा माझी," तो म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

"किती वाजता येणार तो पारखी?" दादांनी विचारलं.

"चारला," अक्का म्हणाली. "पाच तासांत बासष्ट गठ्ठे सोडून परत बांधणं माणसाचं काम नाही. आज नको सांगू या. सांगू, पान अजून तयार नाही."

"वीस वर्षांत अप्पांनी एकदाही पुढची तारीख मागितली नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," सव्वाची बायको पुटपुटली. "तो एकच पान पेटवतो ना दरवर्षी?"

हे ती सहज बोलून गेली. पण दादांनी तिच्याकडे वळून पाहिलं, आणि त्या नजरेने तिलाच कसंतरी झालं. पंधरा वर्षांत थोरल्या दिरांनी तिच्या बोलण्याकडे एवढं लक्ष दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

*

कारखान्याचा पारखी खरोखरच एक पान पेटवायचा. बाकीच्या शेतांवर तो प्रत्येक गठ्ठा उघडून हात घालायचा, इथे मात्र कुठल्याही गठ्ठ्याच्या तोंडाशी असलेलं एक पान घ्यायचा, बारापर्यंत मोजायचा आणि सही करायचा. अप्पांच्या खुणेला एवढा मान होता. इतर लोकांना तो मिळत नव्हता आणि दादांना तो आयता मिळाला होता, हे दादांना चांगलं ठाऊक होतं.

"अक्का, तोंडाशी कुठल्या जुड्या आहेत ते दाखव," ते म्हणाले.

"कशाला?"

"दाखव."

अक्काला कळलं. तिने एकदा सव्वाकडे पाहिलं आणि मग वाकून पहिल्या गठ्ठ्यात बोटं घातली. "ही खालची. ही वरची."

दादांनी खालची आत सारली, वरची पुढे ओढली. पुढचा गठ्ठा. मग पुढचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यांवर बसून ते बासष्ट गठ्ठ्यांसमोरून सरकत गेले. मनाशी ते हिशेब सांगत होते तो असा: एकदाच. माझ्यासाठी नाही, अप्पांच्या खुणेसाठी. माझं पान तर खरंच आहे. जन्मभर ज्या माणसाने बांधावरचं वीतभर इकडेतिकडे केलं नाही, त्याला एक दिवस सवलत नको? आणि या सगळ्याच्या तळाशी, त्यांना स्वतःलाही न आवडणारी एक गोष्ट होती. सव्वाचं शेत वाया गेलं हे कळलं तेव्हा पहिल्या क्षणी त्यांना बरं वाटलं होतं. हंगामभर लोक खालच्या बांधावर थांबत होते. वरच्या बांधावर कुणी थांबलं नव्हतं.

"बाबा, हे बरोबर नाही," नळी म्हणाली.

"तू तुझ्या नळ्या बघ."

सव्वाची बायको चहा घेऊन आली, कुणी घेतला नाही, ती तो परत घेऊन गेली. सव्वा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. दादा त्याच्या पायाशी गुडघ्यांवर आले तेव्हा त्याने पाय बाजूला घेतला. एवढंच.

*

पारखी चारऐवजी साडेतीनलाच आला. त्याला सर्दी झाली होती. रुमाल खिशात, वही काखेत, चहा नको म्हणाला.

"यंदा पीक दांडगं होतं म्हणे खालचं," तो म्हणाला. "रस्त्यावरूनच दिसत होतं."

"हो," दादा म्हणाले. "अप्पांची पुण्याई."

सव्वाने खाली पाहिलं. पारख्याने उजवीकडचा चौथा गठ्ठा निवडला, तोंडाशी असलेल्या जुडीतून पान काढलं, बोटांवर ताणलं आणि पेटवलं. तो मनात मोजायचा, पण ओठ हलायचे. शेडमधली पाच माणसं त्याच्या ओठांकडे बघत होती. बारा. तेरा. राख पांढरीशुभ्र.

"तेच पान," पारखी समाधानाने म्हणाला आणि त्याने वही उघडली.

झालं होतं. अक्काने श्वास सोडला. नळीने तोंड फिरवलं. दादा उगाचच हात एकमेकांवर चोळत होते.

सव्वाला त्या वेळी जे वाटलं ते त्याला पुढेही कुणाला नीट सांगता आलं नाही. त्याचं सबंध वर्ष, पहाटेचं पाणी, दोनदा टाकलेला युरिया, लोकांची शाबासकी, सगळं त्या गठ्ठ्यांत दादाच्या जुड्यांमागे लपून बसलं होतं. ते तसंच कारखान्यात गेलं असतं आणि तिथे कुणीतरी शिव्या देऊन फेकलं असतं. फेकलं तर फेकलं; पण निदान माझं म्हणून फेका, असं त्याला वाटलं.

"साहेब, हे पण पेटवून बघा," तो म्हणाला. त्याने गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मागची जुडी ओढून काढली.

"सव्वा," दादा हलक्या आवाजात म्हणाले. दोन वर्षांत थेट त्याच्याशी बोललेला हा जणू पहिला प्रेमाचा शब्द होता.

पारख्याने पान घेतलं. हाताला लागताच त्याच्या भुवया वर गेल्या. पेटवलं. एक. दोन. तीन.

"लाल पोटॅश?" त्याने विचारलं.

"हो. आणि युरियाही जास्त झाला. माझं शेत. प्रत्येक गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त हेच आहे."

पारख्याने विझलेलं पान खाली टाकलं. मग तो गठ्ठ्यांच्या रांगेसमोरून चालत गेला, एकेकाच्या तोंडाला हात लावत. डावी रांग संपवली, उजवी संपवली, आणि परत आला.

"बासष्ट गठ्ठे," तो म्हणाला, "आणि एकाच्याही तोंडाशी हे पान नाही. मिसळताना असं आपोआप होत नाही. कुणी लावलं?"

अक्का पुढे झाली. "मिसळलं मी."

"मिसळलं कुणी ते नाही विचारलं, ताई. लावलं कुणी?"

दादांच्या विजारीच्या दोन्ही गुडघ्यांवर धूळ होती.

"मी," दादा म्हणाले.

*

पारखी रागावला नाही. त्याने नाक पुसलं, वही मिटली. गठ्ठे सोडा, पान वेगळं करा, पंधरा दिवसांनी येतो, म्हणाला. वरचं नेईन. खालचं आमच्या कामाचं नाही, दुसरा कुणी भुकटीला नेईल तर द्या. आणि दाराशी जाऊन तो थांबला.

"पुढच्या वर्षीपासून एका पानावर सही होणार नाही. प्रत्येक गठ्ठा उघडीन. सगळ्यांचा उघडतो तसा." मग त्याने सव्वाकडे बोट केलं. "हे दाखवायला उभे असतील तर एकच बघेन."

गाडी गेली. अक्का बाकावर बसली. तिला रडावं असं वाटत होतं आणि त्याच वेळी, देव क्षमा करो, हलकंही वाटत होतं. तिने दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा थोरला भाऊ सरळ म्हणूनच तिला ठाऊक होता. आज त्याच्या चेहऱ्यावर तिला मत्सर दिसला, अगदी लहान मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो तसा उघडा, आणि तिला त्याची भीती न वाटता कणव आली.

"खालच्या शेताचं काय?" सव्वाची बायको म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता.

"क्लोराइड धुऊन जायला दोन पावसाळे तरी लागतील," नळी म्हणाली. "तोवर तिथे तंबाखू नको. दुसरं काहीही लावा. मी माती तपासून देते. या वेळी पूर्ण सांगते, लिहून."

"दोन वर्षं," सव्वा म्हणाला. "दोन वर्षं मी काय करू?"

दादा खांबाला धरून उभे होते. बोलले तेव्हा भिंतीकडे बघून बोलले, पण अक्काला मध्ये घातलं नाही.

"वरच्या शेतात ये. पुढच्या वर्षी माल तूच दाखवायचास. माझ्या तोंडावर आता तो सही करणार नाही."

"खत?"

"खत मी सांगेन."

"का ते पण सांगशील?"

दादांना ते जड गेलं. सगळ्यांना दिसलं की जड गेलं. "सांगेन," ते म्हणाले.

"मग शेड? खूण?" अक्काने विचारलं.

"खूण आहेच कुठे आता," दादा म्हणाले.

अक्काने पदर खोचला आणि पहिल्या गठ्ठ्याची दोरी सोडली. "मग बसा सगळे. वरचं उजवीकडे, खालचं डावीकडे. दिवस मावळायच्या आत दहा तरी व्हायला हवेत."

सव्वा बसला, त्याची बायको बसली, नळी बसली. दादा इकडून तिकडे फेऱ्या घालत राहिले, एकदा बाहेर जाऊन आले, आणि शेवटी सव्वाच्या शेजारी जिथे जागा होती तिथे बसले. चाळीस वर्षं त्यांनी शेत पाहिलं होतं, पान निवडायचं काम कधी केलं नव्हतं. रुंद पानं कळत होती, सोनेरी कळत होती. मग एक मधलीच जुडी हाताला लागली, ना धड जाड ना धड पातळ. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली. बाकावर काडेपेटी पडलेली होती.

"हे तुझं का माझं?" त्यांनी विचारलं.

सव्वाने पान अंगठ्याखाली धरलं, एकदा दाबलं. "तुझं."

दादांनी ती जुडी उजवीकडे ठेवली आणि पुढची घेतली.